फुंकल्यावर सुटणारं कुलूप आणि न विचारता श्वास मोजणारी गाडी

दारू प्यायलेल्या माणसाला गाडी सुरूच करू न देणारं तंत्रज्ञान म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या जातात. पहिली म्हणजे इग्निशन इंटरलॉक. यात नळीत फुंकायचं, मगच स्टार्टर फिरतो. दुसरी म्हणजे पॅसिव्ह डिटेक्शन. इथे चालकाने काहीच करायचं नाही. तो बसला, बटण दाबलं, की गाडी स्वतःच त्याच्या श्वासातला किंवा त्वचेखालचा मद्यार्क मोजते. अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीत फुंकनळी येणार, हा समज या दोन गोष्टी एकात मिसळल्यामुळेच पसरला आहे.

इंटरलॉक जुना आहे. कॅलिफोर्नियाने त्यासाठी १९८६ मध्येच कायदा केला आणि आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत या ना त्या स्वरूपात तो लागू आहे. बहुतेक वेळा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाच्या गाडीतच तो बसवला जातो आणि खर्चही त्याच्याच खिशातून जातो. डॅशबोर्डखाली एक कंट्रोल युनिट असतं, ते स्टार्टर रिलेच्या (स्टार्टरला वीज देणाऱ्या विद्युत स्विचच्या) वायरीत जोडतात. वायरीच्या टोकाला हँडसेट, त्यावर बदलता येणारी प्लास्टिकची नळी. हँडसेट आधी गरम व्हावा लागतो. कडाक्याच्या थंडीत यातच दोन-तीन मिनिटं जातात. मग साधारण सव्वा ते दीड लिटर हवा सलग फुंकायची. एवढी कशाला? सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते. रक्ताशी नातं असतं ते फुफ्फुसाच्या तळातून शेवटी येणाऱ्या हवेचं, आणि यंत्र नमुना घेतं तो तिथलाच. काही यंत्रांत फुंकताना घशातून हुंकार काढावा लागतो, काहींत फुंकून पुन्हा आत ओढावं लागतं. फुग्यात भरून आणलेल्या हवेने किंवा पंपाने यंत्राला फसवता येऊ नये म्हणून ही व्यवस्था.

आतला सेन्सर फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर मद्यार्काचं ॲसिटिक ॲसिड होतं, त्यात सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह मोजला की प्रमाण कळतं. मधुमेही माणसाच्या श्वासातल्या ॲसिटोनला हा सेन्सर दाद देत नाही. अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टमध्ये आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडून वापरतात तो एमक्यू-३ हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर. त्यात टिन ऑक्साइडचा गरम थर असतो, आणि पेट्रोलची वाफ, सिगारेटचा धूर, नुसती दमट हवा यांनीही त्याचं वाचन हलतं. प्रयोग दाखवायला तो ठीक आहे. गाडीचं कुलूप त्याच्या भरवशावर सोडू नये.

गाडी सुरू झाली की काम संपलं, असं नसतं. पाच ते पंधरा मिनिटांत यंत्र पुन्हा फुंकायला सांगतं आणि पुढे अधूनमधून सांगत राहतं. पहिली फुंक मित्राने मारलेली असू शकते. किंवा शेवटचा पेग घशाखाली उतरवून लगेच गाडीत बसलं, तर रक्तातलं प्रमाण अजून चढायचं असतं; ते शिखरावर जायला अर्ध्या ते दीड तासाचा वेळ लागू शकतो. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: या दुसऱ्या चाचणीत नापास झालं की इंजिन बंद पडतं. तसं होत नाही. धावत्या गाडीचं इंजिन तोडणं म्हणजे नवा अपघात ओढवून घेणं. हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात, नोंद होते. कुलूप पडतं ते पुढच्या वेळी स्टार्टर फिरवताना.

तोंडात उरलेला मद्यार्क ही इंटरलॉकची रोजची डोकेदुखी. माउथवॉश, खोकल्याचं औषध, आणि आपल्याकडचं म्हणाल तर द्राक्षासव किंवा अशोकारिष्ट. आसव-अरिष्टांत आंबवल्यामुळे तयार झालेला मद्यार्क असतोच. अशा वेळी पाण्याने चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. तोंडातला मद्यार्क तेवढ्यात उडून जातो. रक्तातला मात्र तासाला साधारण ०.०१५ टक्के एवढ्याच वेगाने उतरतो, म्हणून दुसरं वाचन जवळपास तेवढंच राहिलं तर ते औषधाचं नाही.

पॅसिव्ह प्रणालीला हा सगळा सोपा मार्ग बंद आहे. नळी नाही, दीड लिटर हवा नाही, चालकाचं सहकार्यही गृहीत धरलेलं नाही. अमेरिकेत २००८ पासून वाहन उद्योग आणि रस्ता सुरक्षा प्रशासन मिळून डॅड्स (ड्रायव्हर अल्कोहोल डिटेक्शन सिस्टिम फॉर सेफ्टी) नावाचा प्रकल्प चालवतात. त्यातला श्वासाचा सेन्सर स्टिअरिंगजवळ किंवा दाराच्या पॅनेलमध्ये बसतो, केबिनमधली हवा ओढून घेतो आणि तिच्यातून इन्फ्रारेड किरण आरशांवर अनेकदा परतवत नेतो. श्वास तिथवर पोचेपर्यंत पातळ झालेला असतो, आणि किती पातळ झाला हे कार्बन डायऑक्साइडवरून काढतात. बाहेर टाकलेल्या श्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ४०,००० भाग) असतो. सेन्सरला केबिनच्या हवेपेक्षा २,००० पीपीएम जास्त दिसला, तर श्वास वीसपट पातळ झालाय. मग मद्यार्काचं वाचनही वीसने गुणायचं.

हिशेब सोपा, मोजणं अवघड. बहुतेक अमेरिकी राज्यांतली रक्तातल्या मद्यार्काची ०.०८ टक्के ही मर्यादा म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.३८ मिलिग्रॅम मद्यार्क. वीसपट पातळ झाल्यावर उरतो ०.०१९ मिलिग्रॅम. त्यात मागच्या सीटवर प्यायलेले मित्र, हातावर चोळलेलं सॅनिटायझर, उघडी काच. सॅनिटायझरच्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड वाढत नाही, तो फरक पकडता येतो. पण मित्राच्या श्वासात दोन्ही असतात. न पिता सगळ्यांना घरी पोचवणाऱ्यालाच गाडीने अडवलं, तर प्रणालीचा हेतूच उलटा होईल. स्पर्शाची पद्धत हा घोळ टाळते: स्टार्ट बटणातून निअर-इन्फ्रारेड प्रकाश बोटात जातो, परतलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून केशवाहिन्यांच्या पातळीवरचा मद्यार्क कळतो. तिथे सिद्ध करावं लागतं ते एवढंच की बोट चालकाचंच आहे, शेजारच्याचं नाही. वेळेचं उद्दिष्टही कडक आहे, ३२५ मिलिसेकंद.

खरा फरक यंत्र चुकलं तर मोजाव्या लागणाऱ्या किमतीत आहे. इंटरलॉक ज्याच्या गाडीत आहे त्याचा पूर्वेतिहास असतो. एखाद्या सकाळी त्याला पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर समाज ते चालवून घेतो. पॅसिव्ह प्रणाली सगळ्यांसाठी असणार. दिवसाला १० लाख वेळा गाड्या सुरू होत असतील आणि अचूकता ९९.९ टक्के असेल, तरी रोज १,००० वेळा चुकीचा निर्णय होईल. १५ नोव्हेंबर २०२१ ला सही झालेल्या अमेरिकी कायद्याने अशा प्रणालीचा नियम तीन वर्षांत मागितला होता; मुदत टळली आणि अंतिम नियम आला नाही, पण ही अडचण पाहता त्यात फारसं आश्चर्य नव्हतं. त्या कायद्याने श्वास किंवा रक्तपातळी मोजण्याशिवाय चालकाच्या वागण्यावर लक्ष ठेवण्याचा पर्यायही दिला आहे. पण कॅमेऱ्याला जड पापण्या दिसतात, त्या झोपेने की दारूने हे तो खात्रीने सांगू शकत नाही.

युरोपने मधला रस्ता धरला. तिथे ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत इंटरलॉक जोडण्याची सोय असावी लागते. यंत्र बसवण्याची सक्ती नाही. फ्रान्समध्ये मात्र सप्टेंबर २०१५ पासून प्रवासी कोचमध्ये तो बसवावाच लागतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरभर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. ०.०८ वर बेतलेली पॅसिव्ह प्रणाली जशीच्या तशी आणली तर आपल्या मर्यादेच्या अडीचपट प्यायलेला चालकही सुटेल. आणि मर्यादा खाली आणली तर वीसपट पातळ श्वासात ०.००७ मिलिग्रॅम ओळखावा लागेल. म्हणून ट्रॅव्हल्सच्या बस किंवा शाळेच्या गाड्या चालवणाऱ्याने आज विचारात घ्यावा तो फ्युएल सेलचा इंटरलॉकच, युरोपच्या ईएन ५०४३६ मानकातल्या भाग २ प्रमाणे चाचणी झालेला. भाग १ शिक्षा झालेल्यांच्या कार्यक्रमांसाठी आहे. विकत घेण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप तपासून पुन्हा बरोबर करणं, कुठे आणि किती दिवसांनी होणार ते लेखी घ्या. सेल म्हातारा झाला की वाचन कमी दाखवू लागतो, म्हणजे यंत्र चालू दिसतं आणि प्यायलेला पास होतो. हँडसेट काढता येत असेल तर विदर्भातल्या मे महिन्यात तो उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरीकडेही लक्ष द्या, कारण हे यंत्र बंद गाडीतही थोडी वीज घेत राहतं.