मस्कारिनिक औषधे आणि स्ट्रोकमधील मेंदूची हानी

ॲसिटिलकोलीन (चेतासंदेश वाहणारे रसायन) ज्यांना चिकटते त्या पेशींवरील मस्कारिनिक ग्राहींना चालना देऊन किंवा त्यांना रोखून स्ट्रोकनंतर मरणाऱ्या चेतापेशी वाचवता येतील का, याचा शोध घेणारे संशोधन. असे एकही औषध अद्याप स्ट्रोकच्या उपचारात रुळलेले नाही. ‘मस्कारिनिक’ हे नाव अमानिटा मस्कारिया या लाल भूछत्रातून १८६९ मध्ये वेगळ्या केलेल्या मस्कारिनवरून पडले.

हे ग्राही पाच प्रकारचे. एम-१ मुख्यतः हिप्पोकॅम्पस (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) व मेंदूच्या बाह्यकात म्हणजे बाहेरच्या थरात असतो, एम-२ हृदयाचे ठोके मंदावतो, एम-३ लाळ व घाम आणतो. स्ट्रोकच्या दृष्टीने कुतूहलाचा एम-५. त्याचे जनुक काढलेल्या उंदरांत ॲसिटिलकोलीनने मेंदूच्या धमन्या रुंदावणे जवळजवळ बंद झाले, मेंदूबाहेरच्या धमन्या मात्र पूर्वीसारख्याच रुंदावल्या (२००१).

प्रयोगात उंदराच्या मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक दोरा वर सरकवून मेंदूची मधली धमनी अडवतात आणि सहसा ६० ते ९० मिनिटांनी दोरा काढतात. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या चकत्या टीटीसी या रंग आणणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवल्या की जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. सुजेमुळे पांढरा भाग फुगून दिसतो, म्हणून निरोगी बाजूशी तुलना करून आकडा दुरुस्त करावा लागतो.

खरी फसगत तापमानाची. ग्राहींना चालना देणारे ऑक्सोट्रेमोरीनसारखे औषध उंदराचे अंग गार पाडते आणि गार मेंदू एरवीही कमी मरतो. मग श्रेय ग्राहीला द्यायचे की थंडीला? एमके-८०१ हे मेंदूतील वेगळ्या प्रकारचे ग्राही रोखणारे औषध मस्कारिनिक नाही, पण जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांत त्याने दिलेल्या संरक्षणाचा मोठा वाटा थंडीचाच असल्याचे १९९० मध्ये दिसले. शस्त्रक्रियेपुरता गुदाशयातला तापमापक म्हणूनच अपुरा. प्राणी शुद्धीवर आल्यानंतरही कित्येक तास नोंद हवी. औषधाने रक्तदाब घसरला तर उलटा तोटा होतो: कडेचा अर्धमेला भाग जेमतेम मिळणाऱ्या रक्तावर तग धरून असतो, तोही जातो.

मात्रेचेही तसेच. पायलोकार्पिन हे चालना देणारे औषध किलोमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास दिले की उंदरांना न थांबणारे झटके येतात आणि त्या झटक्यांनीच हिप्पोकॅम्पसच्या पेशी मरतात. मेंदूबाहेरचे परिणाम वगळायला आधी मिथाइलस्कोपोलामीन हे ग्राही रोखणारे औषध देतात, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही.

हीच युक्ती झॅनोमेलीन-ट्रोस्पियम या जोडगोळीत आहे: झॅनोमेलीन ग्राहींना चालना देते, ट्रोस्पियम मेंदूबाहेरचे ग्राही अडवते. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता मिळाली ती स्किझोफ्रेनियासाठी. तिने नाडी वाढू शकते, त्यामुळे स्ट्रोकच्या रुग्णात ती सहज वापरून पाहण्याजोगी नाही.