शिशाची गोळी, तिच्यावरचं कोटिंग आणि हाताला लागलेली राख

यूट्यूबवर अमेरिकेतल्या लोकांचे एका प्रकारचे व्हिडिओ बरेच दिसतात. गॅरेजमध्ये इलेक्ट्रिकचं भांडं, त्यात वितळलेलं शिसं, बाजूला ॲल्युमिनियमचा साचा, आणि माणूस निवांत बसून बंदुकीच्या गोळ्या ओतून राहिला, मग त्याच गोळ्यांना लाल नाहीतर निळी पावडर लावून छोट्या ओव्हनमध्ये भाजतो. तिकडे हा छंद आहे, विकतच्या गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतं म्हणूनही लोकं करतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे नागपुरात बसून कोणी हे करून पाहायचा प्रश्नच येत नाही. पण त्यामागचं विज्ञान समजून घेण्यासारखं आहे, कारण गोळ्या नसल्या तरी शिसं वितळवणं आपल्याकडेही चालतंच. जाळ्याची वजनं ओतायला, जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढायला, आणि बहुतेक ठिकाणी उघड्या हातांनी.

आधी हे बघू की काहून शिसंच. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, तांब्याला १०८५, आणि शिसं ३२७.५ अंशांनाच पाणी होतं. म्हणजे साध्या शेगडीवर लोखंडी भांड्यात वितळतं आणि भांड्याला काही होत नाही. दुसरं म्हणजे वजन, एका घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, लोखंड ७.८७ वरच थांबतं. तेवढ्याच आकारात जास्त वजन भरलं की हवेच्या विरोधानं वेग कमी गमावला जातो. आणि तिसरं, शिसं मऊ, स्टीलच्या नळीला घासून खराब करत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली त्या काळातल्या बंदुका घ्या. इंग्रजांच्या ब्राउन बेस मस्केटची नळी साधारण १९ मिलिमीटरची आणि आतली शिशाची गोळी त्याहून दीडेक मिलिमीटर बारीक, कारण नळीत मळ साचला तरी गोळी तोंडाकडून आत सरकली पाहिजे. असा गोळा मऊ शिशातून साच्यात ओतणं हे छावणीत बसूनही होण्यासारखं काम होतं.

पण शुद्ध शिसं फारच मऊ, नखानं ओरखडा पडतो. ब्रिनेल नावाच्या मोजमापात त्याचा कडकपणा ५ च्या आसपास येतो. पुढे नळीला आतून पीळ देऊन गोळी फिरवणाऱ्या रायफली आल्या, वेग वाढला, तेव्हा हे मऊपण नडायला लागलं. मग त्यात कथील आणि अँटिमनी नावाचा धातू मिसळायचं. आणि इथे एक भारी गंमत आहे, हेच मिश्रण आपल्या छापखान्यांत कितीतरी वर्षं होतं. कम्प्युटर येण्याआधी खिळे जुळवून पेपर आणि पुस्तकं छापायचे ना, ते खिळे शिसं, अँटिमनी आणि कथलाचेच. लायनोटाइप, म्हणजे अक्षरांची अख्खी ओळच धातूत ओतणारं मशीन, त्याच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील, आणि त्याचा कडकपणा २२ च्या घरात, म्हणजे शुद्ध शिशाच्या चौपट. अँटिमनी एकटं ६३० अंशांना वितळतं, पण या प्रमाणात मिसळलं की सगळं मिश्रण २४० च्या आसपासच वितळतं, शिशापेक्षाही लवकर. शुद्ध शिसं थंड होताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं, अँटिमनीमुळे ते आकसणं बरंच कमी होतं, म्हणून अक्षराच्या वेलांटीची टोकंसुद्धा साच्यात जशीच्या तशी उतरायची. अमेरिकेतले छंदवाले जुन्या छापखान्यांचा हा धातू शोधून विकत घेतात तो उगीच नाही.

ओतताना काय होतं ते मी जवळून बघितलंय, गोळ्यांचं नाही, जाळ्याला लावायच्या वजनांचं. तलावावर जाळं टाकणारे ओळखीचे एक काका अंगणात दोन विटा मांडून करायचे. शिसं वितळतं तेव्हा वरचा भाग अगदी क्षणभर आरशासारखा चकचकीत असतो, आणि बघता बघता त्यावर करडी साय धरते, जास्त तापलं की त्याच सायीवर पिवळे-जांभळे रंग फिरायला लागतात. ते ऑक्साइड, म्हणजे शिशाची हवेतल्या ऑक्सिजनशी झालेली गाठ. काका मेणाचा तुकडा टाकायचे, धूर व्हायचा, पेट घ्यायचा, आणि ढवळलं की त्या सायीतलं बरंच शिसं परत खाली जायचं, कारण मेणातला कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. उरलेली भुकटी झाऱ्यानं काढून बाजूला मातीवर टाकायची. पहिली एक-दोन वजनं सुरकुतलेली निघायची कारण साचा थंड असतो, धातू आत पसरायच्या आधीच गोठतो, साचा तापला की मग गुळगुळीत निघायची. एक गोष्ट मात्र ते फार कडक पाळायचे, ओला साचा नाही, ओला चमचा नाही. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की त्याची वाफ होताना तो दीड हजार पटीहून जास्त फुगतो आणि वरचं सगळं शिसं तोंडावर उडतं.

आता कोटिंग. गोळी वेगानं नळीतून जाताना मऊ शिसं नळीच्या आत चोपडल्यासारखं बसतं आणि नेम बिघडतो. यावर जुना उपाय म्हणजे मेण आणि चरबी. १८५७ ला ज्या एनफिल्ड काडतुसांवरून एवढं मोठं पेटलं, ज्यांना गाईची आणि डुकराची चरबी लावलीय अशी बातमी शिपायांत पसरली, त्या वंगणाचं काम तेच होतं, की कागदात गुंडाळलेली गोळी नळीत अडकू नये. पुढे १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिननं शिशाला तांब्याचं कवच दिलं, आणि दोन वर्षांनी फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू आली तेव्हा ते कवच गरजेचंच झालं, एवढा वेग नुसत्या शिशाला झेपत नाही.

आणि आजचे छंदवाले वापरतात ते पावडर कोटिंग, जे आपल्या हिंगणा एमआयडीसीसारख्या भागात लोखंडी कपाटांवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर होतं तेच. पॉलिएस्टर किंवा इपॉक्सीची बारीक पावडर, तिला स्थिर वीज चढवायची म्हणजे ती धातूला चिकटते, आणि मग साधारण २०० अंशांना भट्टीत भाजायचं. कारखान्यात वीज चढवायला गन असते, हे लोक प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर घालून खळखळ हलवतात, घर्षणानंच वीज तयार होते. पावडर आधी वितळून पसरते, मग तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, परत तापवलं तरी वितळत नाही. आणि हे सगळं जमतं कारण २०० हे ३२७ च्या बरंच खाली आहे, गोळीचा आकार हलत नाही. शिसं नळीला लागतच नाही, हाताळतानाही हाताला कमी लागतं.

पण मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. लोकांना भीती असते शिशाच्या वाफेची. ४०० अंशांपर्यंत शिशाची वाफ फारच थोडी होते, त्याचा उकळबिंदू १७४९ अंश आहे, भट्टी बेसुमार तापवली तर गोष्ट वेगळी. रोजचा धोका आहे त्या झाऱ्यानं काढून बाजूला टाकलेल्या करड्या-पिवळ्या भुकटीत. ती इतकी बारीक की वाऱ्यानं उडते, नखात बसते, कपड्यांवर घरात येते, आणि तेच हात पोळीला लागतात. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत अंगणातली अशी धूळ कुठपर्यंत जाते ते वेगळं सांगायला नको. बॅटरी फोडून काढलेल्या शिशात तर ॲसिडची आणि शिशाच्या क्षारांची घाण आधीच असते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून घेतं. रक्तातलं अर्धं शिसं जायलाच महिनाभर लागतो, हाडात बसलं की दशकानुदशकं, आणि गरोदरपणात हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्यासोबत बाळापर्यंत जातं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषतं. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं मुलांच्या रक्तातल्या शिशाची सावध व्हायची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. भारतात पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं, घरातल्या रंगांना २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिशाची मर्यादा घातली, पण अंगणातल्या शेगडीला असा कुठला नियम पोचत नाही.

म्हणून घरात कोणी बॅटरीचं, सोल्डरचं किंवा जाळ्याच्या वजनांचं काम करत असेल तर कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर राहू द्या, ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका, भुकटी झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, पुसताना शेगडी विझून पार थंड झालेली पाहिजे. जेवणाआधी हात साबणानं घासून धुवायचेच, पण साध्या साबणानं शिसं पूर्ण निघत नाही, म्हणून कामाच्या वेळी हातमोजे घालणं जास्त कामाचं. आणि लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारून त्याची ब्लड लेड टेस्ट, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी करून घ्या, दंडातून थोडं रक्त काढतात, बाकी काही नाही.