रंग भरण्याआधीची पाहणी: नियोजनाच्या शिक्षणाची पुणेरी पार्श्वभूमी

पुण्यात नगरनियोजन शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात फार लवकर दोन गोष्टी पडतात: नगर भूमापनाची शीट आणि रंगपेन्सिली. एखादी पेठ वाटून दिली जाते. घरामागून घर पाहत जायचं आणि रंग भरायचे. राहती जागा पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल, बागा-मैदानं हिरवी. कॉलेजात याला सरळ ‘ईएलयू’ म्हणतात, सरकारी कागदांत ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’. कसब्यातल्या तांबट आळीत पोचलं की पंचाईत होते. खाली ठोकाठोकी, दर्शनी बाजूला विक्री, मागे आणि वर बिऱ्हाडं. एकाच चौकोनात तीन रंग कसे भरणार?

ही पंचाईत शंभर वर्षांहून जुनी आहे. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला या विषयावरचा पहिला. त्याचा सगळा भर नगररचना योजनांवर होता: वेडेवाकडे भूखंड एकत्र करायचे, रस्ते काढायचे आणि अंतिम भूखंड मालकांना परत वाटायचे. साहजिकच पाहणी म्हणजे मोजणी. भूखंड किती, कोणाचा, हद्द कुठे, एवढं कळलं की काम भागत असे. त्याच वर्षी त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ छापून आला. आत्रे महसूल खात्यातले, म्हणजे मोजणीच्याच दुनियेतले. पण त्यांनी गाव पाहिलं ते बलुतं, वतनं, सावकारी आणि फिरस्त्या जमाती यांच्या व्यवहारातून. नियोजनाच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक अग्रभागी असायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

नियोजनाचे विद्यार्थी ज्याचं नाव हटकून ऐकतात तो पॅट्रिक गेडिस याच सुमारास हिंदुस्थानात फिरत होता. मूळचा जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचा. 1914 मध्ये तो शहरांवरचं प्रदर्शन घेऊन निघाला. प्रदर्शनाचं सामान घेऊन येणारं जहाज जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवलं, तेव्हा त्याने नवं सामान मिळवून प्रदर्शन पुन्हा उभं केलं. पुढची काही वर्षं तो बडोदा, लखनौ, इंदूर अशा गावांचे अहवाल लिहीत हिंडला. त्याचं सूत्र असं: आधी पाहणी, मग आराखडा, आधी निदान, मग उपचार. पाहायचं काय, तर ठिकाण, तिथलं काम आणि तिथली माणसं, तिन्ही एकत्र. इंजिनिअरांनी जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ते काढण्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. चार पडकी घरं काढून एक चौक मोकळा केला तर गल्ली वाचते, हे तो नकाशा घेऊन दाखवून देत असे.

1919 मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायला निवडलेला तरुण मूळचा संस्कृतचा होता: गो. स. घुर्ये. 1924 मध्ये तो विभाग घुर्यांच्या हाती आला. इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी, आणि 1939 पासून त्या येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात. म्हणजे गेडिसचा धागा पुण्यापर्यंत आला खरा, पण तो नियोजनाच्या वर्गात न जाता समाजशास्त्राच्या वर्गात गेला.

पुण्यात त्याआधीही पाहणीची एक स्वतंत्र वाट पडली होती. शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी शहराजवळचं एक छोटं गाव निवडलं, पिंपळे सौदागर, आणि माती, विहिरी, पिकं, कर्ज, घरखर्च असं सगळं एकाच पाहणीत आणलं. 1917 साली छापलेल्या या अभ्यासातली एक नोंद पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सतत येत राहिली: सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एकेका खातेदाराची जमीन, 1771 मध्ये 40 एकर होतं, ते 1915 पर्यंत 7 एकरांवर आलं. जुन्या दप्तरातला आकडा आणि बांधावर जाऊन केलेली चौकशी शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसलंच नसतं. आज त्या जमिनींवर बहुमजली सोसायट्या उभ्या आहेत.

1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी खुद्द पुणे शहरच पाहणीला घेतलं. प्रश्नावल्या घेऊन माणसं घरोघर गेली: कमाई किती, भाडं किती, धंदा कोणता, गावाहून कधी आलात. त्याचा पहिला भाग 1945 मध्ये आला, दुसरा 1952 मध्ये, आणि बदल मोजण्यासाठी केलेली फेरपाहणी 1956 मध्ये छापली गेली. तांबट आळीसारख्या जागेचा गुंता सोडवायचा तर लागणारा मजकूर हाच: कारागीर मालक आहे की मजूर, भाडेकरू आहे की वाड्याचा हिस्सेदार. नकाशाचा रंग यातलं काही सांगत नाही.

मग 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. त्याच्या कलम 25 ने विकास आराखड्याआधी जमिनीची पाहणी आणि विद्यमान वापराचा नकाशा बंधनकारक केला. गेडिसच्या सूत्राला कायद्याची जागा मिळाली, पण त्यातला एकच तुकडा. काम आणि माणसं यांची चौकशी अहवालाच्या प्रास्ताविकात गेली, तीही बहुधा जनगणनेचे तक्ते उतरवून. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या सरावाला आजचं वळण इथे लागलं. राज्याच्या नगररचना खात्याचं मुख्यालय पुण्यात, नियोजनाचं शिक्षण देणारं सीओईपी त्याच शहरात. खात्याला जे लागतं तेच आधी शिकवलं जाणार, यात नवल नाही.

बाकीचं शिक्षण बाहेरून येत राहिलं. 1960 नंतर अमेरिकन नियोजनकार केविन लिंचमुळे रहिवाशांकडून आठवणीतला नकाशा काढून घेण्याची पद्धत जगभरच्या स्टुडिओंत रुळली. खेड्यांच्या कामातून रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सहभागी पाहणी आली, म्हणजे गावकऱ्यांना सोबत घेऊन केलेली. आपल्याकडे तिची शिवारफेरी झाली. पुण्यात 1990 च्या दशकाअखेरपासून शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांमधल्या बायकांना सोबत घेऊन झोपडपट्ट्यांचं घर-घर जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशावर आणलं. सरकारी शीटवर ज्या जागी कोरा पट्टा किंवा एकच गडद ठिपका असायचा, तिथे उंबरे, गटारं आणि सार्वजनिक नळ दिसू लागले.

पेठांत क्लिपबोर्ड घेऊन गेलेल्या मुलांना आधी विचारलं जातं, “महापालिकेकडून आलात का? रस्तारुंदीचं आहे का?” या संशयाला इतिहास आहे. 1897 च्या प्लेगात घरात शिरून तपासणी करणारे गोरे सोल्जर या शहराने पाहिले आहेत, आणि आराखड्यातल्या रुंदीकरणाच्या रेषा वाड्यांवरून गेलेल्याही पाहिल्या आहेत. म्हणून चांगले शिक्षक मुलांना प्रश्नावली नंतर काढायला सांगतात. नदीकाठच्या पेठेत आधी विचारायचं, पानशेतच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं? मग 12 जुलै 1961 ची गोष्ट सुरू होते, कोणी जिन्याची पायरी दाखवतं. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा त्यानंतर नकाशावर पाहिल्या तर त्या नुसत्या रेषा राहत नाहीत.

2013 मध्ये पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर सुमारे 87 हजार हरकती आणि सूचना आल्या. त्यांतल्या कितीतरी साध्या होत्या: इथे (सार्वजनिक वापरासाठी) आरक्षण टाकलंय, पण इथे आमचं घर आहे.