कम्फर्ट मोडमध्येही गाडी कडक का लागते?

साताऱ्यात आणि सांगलीत ॲडॅप्टिव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे कडक-सैल होणारे, सस्पेन्शन असलेल्या महागड्या सेडान गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रारही ठरून गेलेली आहे: बटण कम्फर्टवर ठेवले तरी गाडी कडक लागते, मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांची कंबर धरते. तक्रार ऐकताच पहिला संशय शॉकअपवर घेतला जातो. हे शॉकअप बदलायचे म्हटले की खर्च लाखांत जातो, म्हणून हात घालण्याआधी एक साधी गोष्ट समजून घेणे फायद्याचे आहे. बटण दाबल्यावर गाडीत नेमके काय बदलते आणि काय अजिबात बदलत नाही, ही ती गोष्ट.

रस्ता आणि प्रवासी यांच्यामध्ये टायरमधली हवा, स्प्रिंग आणि शॉकअप असे तीन मुख्य घटक असतात. धक्का झेलून आपल्यात साठवण्याचे काम टायर आणि स्प्रिंग करतात. साठलेली ऊर्जा पुन्हा उसळी घेऊ नये म्हणून तिचे उष्णतेत रूपांतर करण्याचे काम शॉकअपचे. शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली, टोकाला बारीक छिद्र असलेली पिचकारी समजावी: दट्ट्या हळू दाबला तर तेल निमूट वाट काढते, जोरात दाबला तर तेवढ्याच जोराने अडते. ॲडॅप्टिव्ह शॉकअपमध्ये या वाटेवर विजेवर चालणारी झडप बसवलेली असते आणि गाडीतला संगणक ती क्षणाक्षणाला कमीजास्त उघडतो. पोलादी स्प्रिंग असलेल्या गाडीत त्याच्या हातात असते ते एवढेच. स्प्रिंगचा कडकपणा त्याला बदलता येत नाही आणि टायरमधल्या हवेचा तर मुळीच नाही.

संगणकाने झडप कशी हलवावी, यामागची एक मूळ कल्पना अभियंते डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडली. गाडीची बॉडी एखाद्या शॉकअपने थेट आकाशाला टांगलेली असती तर चाके खाली कितीही नाचली तरी बॉडी स्थिर राहिली असती. तसे टांगणे शक्य नसल्याने बॉडी आणि चाके यांचे वेग मोजून खऱ्या शॉकअपकडून जमेल तेवढा तोच परिणाम साधावा, असा तो विचार होता. बॉडीवरचे आणि चाकांजवळचे संवेदक ही मोजमापे पुरवतात. मात्र असा शॉकअप फक्त विरोध करू शकतो, स्वतः जोर लावून चाक वर उचलू शकत नाही, आणि त्याची मर्यादा इथेच पडते.

या मर्यादेचा प्रत्यय कंपनांच्या हिशेबातून येतो. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डुलते, तर चाक आणि त्याला जोडलेले भाग सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतात. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेतली सेकंदाला ४ ते ८ कंपने सर्वांत जास्त त्रास देतात. आता आपले रस्ते या हिशेबात बसवून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे धक्का सेकंदाला दोनच्या आसपासच्या संथ लयीचा असतो आणि शॉकअप तो सहज सांभाळतो. गावागावांत रात्रीतून उगवणारा जेमतेम ४० सेंटिमीटर रुंदीचा उंचवटा ताशी २० किलोमीटरने ओलांडला तर तीच लय १४ वर जाते आणि नेमकी चाकाच्या स्वतःच्या थरथरीशी जुळते. या धक्क्यावर कम्फर्ट मोडचा उपाय तोकडाच पडतो, आणि त्याचा दोष गाडीला देणे मला पटत नाही.

उलट उदाहरण सांगली-मिरजेकडचे. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरून गेलेल्या डांबरी रस्त्याला हळूहळू लांब लाटा पडतात. समजा अशी एक लाट २० मीटर लांब आहे. ताशी ८० किलोमीटरला ती सेकंदाला एकदा गाडी उचलते, आणि तीच बॉडीच्या डुलण्याची लय. इथे शॉकअप फार सैल असेल तर गाडी होडीसारखी हेलकावते आणि मागे बसलेल्यांना मळमळू लागते. सिमेंटच्या रस्त्यावर सांधे ४.५ मीटरवर असतील तर त्याच वेगाला सेकंदाला जवळजवळ पाच ठोके बसतात. ते लहान असले तरी नेमके त्रासदायक पट्ट्यात पडतात. म्हणून ‘गाडी कडक लागते’ एवढ्यावर निदान होत नाही. कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला आणि कोणत्या प्रकारचा धक्का, हे सांगितले की अर्धे काम होते.

आता तपासणी. पहिला मान टायरचा, आणि माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात कमी प्रवासी आणि पूर्ण भार यांचे आकडे बहुधा वेगळे असतात, आणि हवा भरणारा मुलगा मोठी गाडी पाहून सरसकट पूर्ण भाराचाच आकडा धरतो, कधी त्याहूनही चार पीएसआय वर जातो. ३२ ऐवजी ४० पीएसआय हवा भरली तर टायरचा कडकपणाही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, आणि तो कमी करणारे बटण गाडीत नसते. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब दीड पीएसआयच्या आसपास वाढतो, त्यामुळे महामार्गावरून तापून आलेल्या टायरवर घेतलेला आकडा फसवा असतो. कोकणात हवा भरून महाबळेश्वरला चढणाऱ्यांना एक गंमत अनुभवता येते: बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने गेजवरचा आकडा दोन पीएसआयने वाढायला हवा, पण थंडीमुळे त्यातला बराचसा भाग परत खाली येतो. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ चालते हा समज मात्र सोडून द्यावा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि कडकपणा दाबावर ठरतो.

टायरची बाजू किती उंच आहे हेही पाहावे लागते. २२५/५५ आर १७ मापाच्या टायरची बाजू सुमारे १२४ मिलिमीटर असते, २४५/४० आर १९ ची ९८. दोन्ही टायरचा एकूण व्यास मिलिमीटरभराच्या फरकाने सारखा, म्हणून दिसायला रुबाबदार १९ इंची चाके बिनबोभाट बसतात; पण धक्का पिण्यासाठी असलेल्या रबराच्या भिंतीतून अडीच सेंटिमीटर कापले जातात. टायर रन-फ्लॅट असेल, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालावा म्हणून त्याच्या बाजू मुद्दाम जाड केलेल्या असतील, तर कडकपणा आणखी वाढतो.

टायर निर्दोष ठरला की एक चाचणी घरच्या घरी करता येते. ओळखीच्या, रहदारी नसलेल्या रस्त्याचा एकच तुकडा निवडून त्यावरून एकाच वेगाने आधी कम्फर्ट आणि मग स्पोर्ट मोडमध्ये गाडी न्यावी. बॉडीच्या हालचालीत फरक स्पष्ट जाणवला तर झडपा काम करत आहेत. फरक अजिबात जाणवला नाही, तर आधी वैयक्तिक सेटिंगमध्ये सस्पेन्शन स्पोर्टवर अडकवून ठेवलेले नाही ना ते पाहावे, कारण काही गाड्यांत मोडचे नाव कम्फर्ट दिसत असताना आतला एखादा घटक वेगळा ठेवता येतो. तिथेही काही नसेल तर वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटमधले दोष वाचून घ्यावेत.

इथे रचनेतला एक फरक निदानाला फार उपयोगी पडतो. विजेच्या झडपेच्या बऱ्याच शॉकअपमध्ये प्रवाह तुटला की झडप कडक बाजूला स्थिरावते, कारण वळणावर सैल गाडीपेक्षा कडक गाडी सुरक्षित. म्हणजे एखादी तार तुटली, संवेदकाचा प्लग गंजला किंवा बॅटरी उतरून युनिटने माघार घेतली, तर शॉकअप शाबूत असूनही गाडी कडक चालते. चुंबकीय द्रवाच्या शॉकअपमध्ये नेमके उलटे होते. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीतून बाजारात आलेल्या या प्रकारात तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रवाह सुरू असताना चुंबकीय क्षेत्रात ते साखळ्या करून द्रव घट्ट करतात, प्रवाह गेला की द्रव सैलच राहतो. अशी गाडी बिघाडानंतर डुलते, कडक होत नाही. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी एखादी विकत घेतली असेल, तर चाकांजवळचे प्लग उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का ते आधी पाहावे. प्लग साफ करणे आणि शॉकअप बदलणे यांच्या बिलांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शॉकअपच्या पलीकडचे दोन यांत्रिक दोष स्कॅनरवर सहसा दिसत नाहीत. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश बदलताना गाडी रॅम्पवर आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली उतरताच बुशमधले रबर पिळलेल्या अवस्थेत राहते. ते प्रत्येक हालचालीला अडते आणि लवकर फाटते. बोल्टचा अखेरचा आवळा चाकांवर गाडीचे वजन आल्यावरच द्यायचा असतो, आणि घाईच्या दिवशी नेमकी हीच पायरी गळते. दुसरा दोष उंचीचा. पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या एअर सस्पेन्शनमधून हवा गळत असेल किंवा उंची मोजणाऱ्या संवेदकाची काडी वाकली असेल, तर गाडी खाली बसते, चाकाला वर-खाली व्हायला वावच उरत नाही आणि दर खड्ड्याला ती बम्प स्टॉपच्या, म्हणजे शेवटच्या अडथळ्याच्या, रबरावर आपटते. फेंडरची कड आणि चाकाचे केंद्र यांतले अंतर चारही कोपऱ्यांवर टेपने मोजले की हे लगेच लक्षात येते.

नव्या कोऱ्या गाडीत एक वेगळेच कारण निघू शकते. जहाजावर आणि ट्रेलरवर गाडी उसळू नये म्हणून काही कंपन्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवतात आणि टायरमध्ये जास्त दाबाने हवा भरतात. ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी दोन्ही दुरुस्त करणे अपेक्षित असते, पण क्वचित राहून जाते.

हे सगळे तपासूनही गाडी कडकच लागत असेल, तर बहुधा ती तशीच बनवलेली आहे, आखूड आणि ताठ स्प्रिंगच्या स्पोर्ट पॅकेजमध्ये. अशा वेळी शॉकअपला हात लावण्यापेक्षा कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या लहान चाकांचा विचार करावा. त्या चाकात ब्रेकचा कॅलिपर अडत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून पाहावे आणि नव्या टायरवरचा भारांक जुन्याच्या तुलनेत तपासावा: ९७ म्हणजे एका टायरला ७३० किलो, ९८ म्हणजे ७५०. कंपनीच्या तक्त्यात त्या मापासाठी जो भारांक दिला असेल, त्याखालचा टायर दुकानदाराने कितीही स्वस्त सांगितला तरी घेऊ नये.