कॉर्फ कॅसल आणि बँक्स घराणं

कॉर्फ कॅसल हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ डॉर्सेटमधला पडका किल्ला. पर्बेकच्या डोंगररांगेत जिथे खिंड पडलीय तिथल्याच टेकडीवर तो आहे, त्यामुळे खिंडीतून जाणारा प्रत्येक जण किल्ल्याच्या नजरेतूनच जायचा. टेकडी साधारण ५५ मीटर उंच आणि माथ्यावर १२व्या शतकाच्या सुरुवातीचा २१ मीटरचा दगडी बालेकिल्ला. पहिलं बांधकाम त्याच्याही आधीचं, ११व्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉंकरर राजाच्या काळातलं. पुढे कित्येक शतकं किल्ला राजघराण्याकडेच होता, जॉन राजाने तर इथे २२ कैदी उपाशी ठेवून मारले. १५७२ला एलिझाबेथ राणीने तो आपल्या दरबारातल्या क्रिस्टोफर हॅटनला विकला आणि १६३५ला हॅटनच्या घरच्यांकडून सर जॉन बँक्स यांनी विकत घेतला.

बँक्स मोठे न्यायाधीश आणि राजाच्या बाजूचे, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं तेव्हा ते राजासोबत बाहेर, म्हणून किल्ला लढवायची वेळ त्यांच्या बायकोवर आली. आणि लेडी मेरी बँक्सनी तो खरंच लढवला! १६४३ला पार्लमेंटच्या पाच-सहाशे लोकांनी वेढा घातला, आत जेमतेम ८० जणांची शिबंदी. वरच्या भागाची जबाबदारी मेरीबाईंनी घेतली, सोबत मुली आणि घरातल्या बायका, शिड्या लावून चढणाऱ्यांवर वरून दगड आणि पेटते निखारे टाकले. सहा आठवड्यांनी वेढा उठला.

१६४४ला सर जॉन ऑक्सफर्डला वारले, तरी बाई मागे हटल्या नाहीत. दुसऱ्या वेढ्यातही किल्ला हल्ल्याने पडलाच नाही, फितुरीने पडला. शिबंदीतलाच पिटमन नावाचा अधिकारी, कुमक आणतो म्हणून गेला आणि शत्रूचेच सैनिक आत घेऊन आला, ही गोष्ट फेब्रुवारी १६४६ची. मग पार्लमेंटने किल्ला पाडायचं ठरवलं, तटाखाली खणून सुरुंग लावले. लोकांना वाटतं पडझड काळाने झाली असेल, पण आज जे कललेले बुरूज आणि दुभंगलेला दरवाजा दिसतो ते त्या सुरुंगांचं काम आहे. सुटे दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले, खाली गावात अजून दिसतात.

सर जॉन आणि मेरीबाईंचा मुलगा राल्फ याने १६६०च्या दशकात विम्बोर्नजवळ किंग्स्टन लेसी हा नवा वाडा बांधला. १९८१ला घराण्यातल्या शेवटच्या मालकाने मृत्युपत्राने वाडा, किल्ला, जमीन सगळं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. मेरीबाईंच्या धैर्याचा मान म्हणून विजेत्यांनी किल्ल्याच्या चाव्या त्यांच्याकडेच राहू दिल्या होत्या, त्या आजही किंग्स्टन लेसीच्या लायब्ररीत टांगलेल्या आहेत.