गोळी, गुठळी आणि ‘दुप्पट’चा वाद

बाळंतिणीचा एक पाय सुजून पांढराफटक पडतो, हे युरोपातील वैद्यांना अठराव्या शतकातच ठाऊक होते. अंगावरचे दूध पायात उतरले, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला जाई. खरे कारण होते पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी. या गुठळीचा विषय घरोघरी पोहोचला तो मात्र गर्भनिरोधक गोळीमुळे. १९६० साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली, आणि १९६९ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये गुठळीच्या धोक्यामुळे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक, म्हणजे हार्मोन) असलेल्या गोळ्या टाळण्याचा सल्ला द्यावा लागला.

खरा वाद पेटला ऑक्टोबर १९९५ मध्ये. इस्ट्रोजेनच्या जोडीला डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन हे नव्या पिढीचे संप्रेरक असलेल्या गोळ्यांमुळे गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो, असे ब्रिटनमधील सरकारी सल्लागारांनी जाहीर केले. अनेक डॉक्टरांच्या हाती याबाबतचे सरकारी पत्र पडण्याआधीच बातमी दूरचित्रवाणीवर आली आणि कित्येकींनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या. त्या वेळच्या हिशेबाने वर्षाला दर लाख स्त्रियांमागे जुन्या गोळीवर सुमारे १५ जणींना, तर नव्या गोळीवर सुमारे ३० जणींना गुठळी होत असे. गरोदरपणात हाच आकडा ६० धरला जाई. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून कोणी सांगितले असते, तर एवढी घबराट उडाली नसती. १९९६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील गर्भपातांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १३,००० ने वाढली.

‘दुप्पट’ हा शब्द पुढे न्यायालयातही गेला. गुठळीने पीडित स्त्रियांनी आणि दगावलेल्यांच्या कुटुंबीयांनी उत्पादकांवर दावे लावले. गुठळी नव्या गोळीमुळेच झाली असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक ठरायची, तर धोका दुपटीहून जास्त असल्याचे सिद्ध होणे आवश्यक होते. २००२ साली न्यायाधीशांनी तो सुमारे १.७ पट मानला आणि दावे कोसळले. धोका वाढलेला असूनही भरपाई मिळाली नाही. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बसतो, पण त्या कुटुंबांना तो न्याय वाटला नसेल, हे समजण्याजोगे आहे. नव्या गोळ्यांचा धोका जुन्यांपेक्षा अधिक असल्याचे पुढील बहुतेक अभ्यासांतही दिसत राहिले.

२००२ सालीच अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचाराची मोठी चाचणी मध्येच थांबवण्यात आली. तिच्यातही गुठळ्यांचे प्रमाण दुप्पट आढळले होते, आणि या वयात मूळचा धोकाच अधिक असल्याने दुपटीचा भार मोठा ठरतो. त्वचेवर लावायच्या पट्टीतील इस्ट्रोजेन रक्त गोठवणारे घटक बनवणाऱ्या यकृतावर थेट जाऊन आदळत नसल्यामुळे तिच्याबाबत ही वाढ दिसलेली नाही. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे मात्र आजही सर्वांत जोखमीचे मानले जातात.

आपल्याकडील ‘माला-एन’ या सरकारी गर्भनिरोधक गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे जुन्या, कमी धोक्याच्या पिढीचे संप्रेरक आहे. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहत नाही. दिवसातून तीनदा ५ मिलिग्रॅम घेतले, की त्याच्या काही अंशाचे शरीरात एथिनिल इस्ट्राडिओल बनते, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असते तेच इस्ट्रोजेन. आणि ही गोळी देताना पूर्वी कधी पोटरीत गुठळी झाली होती का, हे क्वचितच विचारले जाते.