आगळाचा रंग आणि दोन विद्यापीठांतलं गणित

मे महिन्यात गोव्यात फोंड्याकडे अंगणाअंगणांत भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं वाळत घातलेली असतात. भिरंडांचं आगळ, म्हणजे खारवलेला दाट रस, पेल्यात घ्या, पाणी घाला आणि चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाकत जा. फसफसून फेस येतो आणि बघता बघता लाल रंग जांभळट, मग निळसर होत जातो. आगळातल्या रंगाच्या रेणूवरून एखाददुसरा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा गाभा, निसटला, एवढंच घडलेलं असतं. एवढ्यानं रंग का पालटावा? याचं उत्तर रेणूतल्या इलेक्ट्रॉनांकडे आहे. ते काढायला संगणकीय रसायनशास्त्र, म्हणजे संगणकावर मांडलेलं रेणूंचं गणित, लागतं आणि माझ्या मते एकापेक्षा जास्त विद्यापीठंही लागतात.

आगळाला लाली देणारा एक प्रमुख रेणू म्हणजे सायनिडिन-3-ग्लुकोसाइड. त्यात 53 अणू. श्रोडिंजर यांचं 1926 सालचं समीकरण इलेक्ट्रॉनांचं वागणं सांगतं खरं, पण अणूंपैकी ते नेमकं सुटतं एकच इलेक्ट्रॉन असलेल्या हायड्रोजनसारख्यांसाठी. पुढचा सगळा हिशेब अदमासाचा. वॉल्टर कोन यांनी सहकाऱ्यांसह 1964-65 मध्ये वाट काढली: एकेका इलेक्ट्रॉनाच्या मागे न धावता सगळ्यांची मिळून घनता, म्हणजे कुठे किती दाटी आहे ते, धरायची. त्यासाठी 1998 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना जॉन पोपल यांच्यासह मिळालं. मात्र त्याहून काटेकोर, सगळ्यात भरवशाची मानली जाणारी पद्धत घेतली, तर रेणू दुप्पट झाला की मेहनत सुमारे 128 पट होते. भले भले संगणक इथे हात टेकतात.

पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1990 च्या दशकापासून यावर शिंप्याचा उपाय घडवत नेला. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढतील अशा तुकड्यांत बेतायचा, तुकडे वेगवेगळे सोडवायचे आणि जोडताना दोनदा मोजलेला भाग वजा करायचा. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट ही वाटते की, तुकडे एकाच संगणकावर सोडवायची सक्ती उरत नाही.

आता समजा, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठातली एक संशोधक विद्यार्थिनी आगळ कोणता प्रकाश शोषतं ते मोजते आणि पुण्यातली दुसरी तेच गणितानं काढते. पेल्यातला रेणू आम्लात साधारण 510 ते 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून लाल दिसतो. पुण्याचा आकडा जुळत नाही. गोव्याहून फोन जातो, "अगं, भोवतीचं पाणी धरलंयस ना?" धरलेलं नसतं. गणितातला रेणू निर्वातात एकटाच होता. पेला पाहणारीला हे चटकन सुचतं. पडद्यापुढे बसलेलीला आठवडा लागू शकतो.

म्हणूनच प्रबंधाला गणिताची इनपुट फाइल, म्हणजे संगणकाला काय काय दिलं होतं त्याची नोंद, जोडलेली असलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. अणूंमधली अंतरं अँगस्ट्रॉम या एककात दिली की बोर या एककात, यानेच रेणूचा आकार जवळपास निम्मा-दुप्पट होतो. 2016 साली 'सायन्स' या नियतकालिकात बऱ्याच संस्थांच्या गटाने 15 संगणक-प्रणालींकडून 71 मूलद्रव्यांच्या स्फटिकांचं एकच गणित करवून उत्तरं ताडून पाहिली. नव्या प्रणालींचे आकडे एकमेकांशी छान जुळले. हा विश्वास एका प्रयोगशाळेला एकटीनं मिळवता आला नसता.

सोड्यानंतरच्या निळ्या रेणूचं काम अजून नाजूक. तो रंग टिकत नाही, फिका पडत पिवळटतो. त्यामुळे गोव्याहून प्रत्येक मोजमाप पाठवताना शेजारी लिहावं लागतं: सोडा टाकून किती मिनिटं झाली.